दुधाच्या झाकणावरचा पिस्टन

बाबा, गेल्या मंगळवारी मी घुग्घुसला जाऊन आले. माझ्याकडे शिकवणीला येणारा एक जुना विद्यार्थी तिथे भंगाराचा धंदा करतो. त्याचा निरोप आला की बाई, तुमच्या बाबांनी बसवलेलं ते जमीनदाराच्या मोटारीचं इंजिन आरागिरणीतून आमच्याकडे तोडायला आलं आहे, पाहायचं असेल तर दोन दिवसांत या. निरोप वाचल्यावर पहिला विचार आला तो हाच, की याला माझ्याकडून काय हवंय? मुलीला आमच्या शाळेत घालायचं असेल. दुसरा विचार आला की इंजिन भलतंच असेल आणि हा मला उगाच त्या काळ्या धुळीत फिरवेल. तुमचीच मुलगी मी, दुधाने तोंड पोळलेलं नसतानाही ताक फुंकून पिणारी. तरी गेले. पिशवीत दोन वस्तू घेतल्या होत्या. आईच्या दुधाच्या झाकणावर वर्षानुवर्षं बसलेला तो पिस्टन, आणि तुम्ही मला दिलेली सहा इंची पोलादी पट्टी. तुम्ही जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली आणि या दोन वस्तू मी त्या दिवशी पहिल्यांदाच एकमेकांजवळ ठेवल्या. आल्यापासून जेवण जात नाही, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत. मूलच्या रस्त्याला आपलं गॅरेज, वर टिनं, समोर आलापल्लीच्या सागवानाने लादलेले ट्रक आणि मागे आपल्या दोन खोल्या. तुमचा विश्वास कशावरच नव्हता. टाकीत किती पेट्रोल आहे ते काटा सांगतो म्हणून तुम्ही मानायचा नाहीत, वेळूची काडी बुडवून ती कुठवर ओली झाली ते पाहायचात. तेलाचा डबा सीलबंद आला तरी दोन बोटांत चोळून वास घ्यायचात. ड्रायव्हर म्हणाला की गाडी चढावर दम टाकते, तर गाडीच्या आधी त्या ड्रायव्हरची उलटतपासणी व्हायची. लोक मागे तुम्हाला शंकासूर म्हणत, तुम्हाला ते ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता. मुलींच्या शाळेत मला गणित शिकवायची नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेढे आणले नाहीत. लढाईत विमानतळावर फिटर असताना मिळालेली, इंचाचे बारीक बारीक भाग कोरलेली ती पट्टी माझ्या हातात ठेवलीत. "संशय आला का तोंड नाई उघडाचं, बाई," तुम्ही म्हणालात. "पट्टी काढाची." मी ती शाळेच्या पिशवीत ठेवली. वह्यांना समास आखायला फार चांगली होती.

तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं, एवढ्या एका गोष्टीवर आपलं दोघांचं किती वर्षं छान चाललं. संध्याकाळी आई चुलीवर भात ठेवते, तुम्ही हात रॉकेलने धुऊन पाटावर बसता, आणि कोळशाच्या खाणीतल्या साहेबाच्या रद्दीतून आणलेलं मोटारींचं नाहीतर विमानांचं एखादं जुनं मासिक माझ्यापुढे सरकवता. म्हणता, वाच. सोळा सिलिंडरच्या इंजिनांचा तर तुम्हाला खास संशय. सहा समजतात, आठ समजतात, बारासुद्धा समजून घेऊ, पण सोळा कशाला? मी वाचून दाखवत असे की पहिल्या लढाईत विमानासाठी आठ-आठ सिलिंडरच्या दोन रांगा शेजारी शेजारी ठेवून एक इंजिन केलं होतं, पंख्याच्या मधोमध तोफेची नळी जाईल अशी जागा ठेवून. तुम्ही विचारायचात, मग उडालं का? मी पान उलटून सांगायचे की थोडी बनली, तोवर लढाई संपली. मग अमेरिकेत सोळा सिलिंडरच्या मोटारी निघाल्या त्या नेमक्या मंदीच्या तोंडावर, गिऱ्हाईक पळून जात असताना. मग इंग्रजांनी विमानासाठी चार-चारच्या चार रांगा आणि दोन क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात ते आस, जोडून एक इंजिन केलं, त्याचंही फार दिवस चाललं नाही. दुसऱ्या लढाईच्या अगदी शेवटी अमेरिकेने सोळा सिलिंडर उलटे टांगून एक लढाऊ विमान उडवलं, तेव्हा जेट विमानं आलीच होती. आणि त्यातल्या त्यात ताज्या अंकात होतं की इंग्लंडातल्या एका नव्या सोळा सिलिंडरच्या शर्यतीच्या गाडीने एवढ्या गर्दीसमोर सुरुवातीच्या रेषेवरच मान टाकली. मी हसले, आई हसली. तुम्ही हसला नाहीत. "सोळा म्हणलं का समजाचं," तुम्ही म्हणालात, "हे काम कराले नाई, कोणाले तरी दाखवाले बनवलं."

जमीनदाऱ्या गेल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. चामोर्शीच्याही पलीकडे जंगलात राहणाऱ्या एका जमीनदाराची अमेरिकन मोटार आपल्याकडच्या लाकडाच्या ठेकेदाराने घेतली. गाडीशी त्याला कर्तव्य नव्हतं, त्याला आरागिरणी चालवायला इंजिन हवं होतं. जुन्या मोटारींची इंजिनं तेव्हा अशीच पिठाच्या आणि लाकडाच्या गिरण्यांत जायची. इंजिन उतरवायचं काम तुमच्याकडे आलं आणि मोटारीसोबत इंग्रजी पुस्तक आहे असं कळल्यावर तुम्ही मलाही ट्रकात बसवलंत, शाळेला सुट्टीच होती. वैनगंगेच्या कोरड्या पात्रातून ट्रक घातला तेव्हा मी देवाचं नाव घेत होते आणि तुम्ही चाकांचा आवाज ऐकत होतात. तिथे परसात सांबराच्या कातड्याच्या वहाणा शिवत एक म्हातारा बसला होता. जमीनदाराचा ड्रायव्हर, गोंड माणूस, आणि तुमचा उस्ताद. इंजिन म्हणजे काय हे तुम्हाला त्यानेच शिकवलेलं. तुम्ही इतकं वाकून कुणाला जोहार केलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, पुढेही नाही.

म्हाताऱ्याने मला कौतुकाने सांगितलं की मालक पाहुण्यांसमोर इंजिन चालू करायचे आणि त्यावर रुपया कडेवर उभा करायचे, तो पडायचा नाही. मी पुस्तक उघडलं. सिलिंडर सोळा, दोन रांगांत आठ-आठ. प्रत्येक रांगेला पेट्रोल वेगळं, धूर वेगळा, म्हणजे एक रांग बंद पडली तरी दुसरीवर गाडी चालते. सिलिंडरचा व्यास तीन इंच. तुम्ही ते तीन इंच मला पुन्हा वाचायला लावलंत आणि मी पुन्हा वाचलं. मग तुम्ही गाडीखाली आडवे झालात, तेलाचं भांडं उतरवलंत आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. बाहेर आलात तेव्हा चेहरा असा होता की मी पुस्तक मिटलं. मला म्हणालात, जा बाई, पाणी पिऊन ये. मी परत आले तर तुम्ही दोघं गाडीच्या आडोशाला अगदी हळू बोलत होतात, अर्धं गोंडीत, आणि म्हातारा दुपट्ट्याने डोळे पुसत होता. मला पाहून दोघंही गप्प झालात. भांडं तुम्ही घाईने परत चढवलंत. येताना ट्रकात मी विचारलं, सोळा आहेत ना हो बाबा? तुम्ही रस्त्याकडे पाहत म्हणालात, "प्लग सोळा आहेत." हे उत्तर मला तेव्हाच खटकलं होतं.

त्याच आठवड्यात तो पिस्टन घरात आला. मांजर झाकण पाडून दूध पिते अशी आईची रोजची तक्रार होती. एका सकाळी तुम्ही कापडात गुंडाळून एक पिस्टन आणलात, आईने तो सोड्याच्या पाण्यात उकळला, चिंचेने घासला आणि दुधाच्या झाकणावर ठेवला. कुठून आणला असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, मांजरीसाठी. मी विचारलं होतं कुठून, उत्तर मिळालं कशासाठी. तिथून माझ्या डोक्यात किडा शिरला. पाणी प्यायला का पाठवलं, म्हातारा का रडला, भांडं का घाईने लावलं, सगळं मी जोडत गेले. गणितात दोन आणि दोन चार होतात. मी दोन आणि दोन बावीस करत होते, आणि ते मला चारइतकंच पक्कं वाटत होतं.

इंजिन आरागिरणीत बसलं. तुम्ही ठेकेदाराला सांगितलंत की तुझ्या करवतीला आठ पुरतात, एक बाजू मी बंद ठेवली आहे, पेट्रोल कमी जाईल. त्यालाही ते पटलं. सगळं असंच चाललं असतं, पण तिथल्या मजुरांना दुपारच्या भाकरी इंजिनावर ठेवून गरम करायची सवय लागली. ज्यांची भाकरी उजवीकडे ती गरम, ज्यांची डावीकडे ती तशीच गार. त्यावरून थट्टा झाली, थट्टेवरून बोलणं वाढलं, आणि दुसरी करवत लावायची वेळ आली तेव्हा ठेकेदाराने नागपूरहून मिस्त्री आणून डावी बाजू चालू करायला सांगितली. त्याने ती उघडली. आत काही नव्हतं, आठ भोकं आणि कोळ्याची जाळी. पिस्टन नाहीत, ते क्रँकला जोडणाऱ्या दांड्या नाहीत. जमीनदाराचा दिवाण शपथेवर म्हणाला की आमच्याकडून गेली तेव्हा सोळा होते. इंजिनाला मध्ये हात लागला होता तो तुमचाच.

ठेकेदार गॅरेजात आला तेव्हा मी दारात उभी होते. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट होतं. "मिस्त्री, सोळा म्हणून घेतले म्या, आठ निघाले. बाकीचे कुठी हायेत?" तुम्ही हातातली पान्ह्यांची पिशवी खाली ठेवलीत. "मले असंच भेटलं," तुम्ही म्हणालात. मग बसवतानाच का नाही सांगितलं, त्याने विचारलं. तुम्ही पिशवीतले पान्हे नीट लावायला लागलात. आठ कोणी काढले मग, त्याने विचारलं. तुम्ही पिशवीची दोरी आवळलीत. मी तुमच्याकडे पाहत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, बोला ना, जो माणूस पेट्रोलच्या काट्याला खोटं पाडतो त्याला एक वाक्य सुचू नये? खरं सांगू बाबा, मला तुमचा फार राग आला होता. शाळेत मुली कुजबुजायला लागल्या होत्या आणि बाकीच्या मास्तरणी माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होत्या.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ठेकेदाराचा मुनीम दोन माणसांना घेऊन आला. इकडेतिकडे न पाहता तो तडक आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, वहाणा काढल्या, आत गेला आणि दुधाच्या झाकणावरचा पिस्टन उचलून उजेडात धरला. आई एवढंच म्हणाली, "मांजरीसाठी ठेवला जी तो, काऊन उचलून राह्यले?" मुनीमाने तो सगळ्यांना दाखवला, पुन्हा झाकणावर ठेवला आणि म्हणाला, एक सापडला, सातांचं तुम्ही जाणा. तुम्ही पिस्टनकडे पाहिलंत, आईकडे पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. मी खाली मान घालून वह्या तपासत होते.  मुनीमाला घरातली खबर कुणी दिली, यावर आई मरेपर्यंत शेजारणीला दोष देत राहिली, तिच्याकडचं हळदीकुंकूसुद्धा तिने सोडलं.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत गॅरेज रिकामं झालं. आलापल्लीचे ट्रक आपल्या दारावरून पुढे जाऊन दुसऱ्याकडे थांबायचे. तुम्ही घुग्घुसच्या खाणीत पाणी उपसायच्या पंपावर लागलात, दुसऱ्याच्या हाताखाली, त्या वयात. आठवड्याने घरी यायचात तेव्हा कानात कोळसा असायचा. अशाच एका रविवारी मी हिंमत केली आणि चुलीजवळ विचारलं, बाबा, ते पिस्टन तुम्ही घेतले का? तुम्ही रागावला नाहीत. झाकणावरच्या पिस्टनवर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "शिकवते तू गणित, अन बोलते अंदाजानं." बस. मग मासिक पुढे सरकवलंत आणि म्हणालात, वाच. मला वाटलं तुम्ही विषय टाळताय. माझा संशय त्या दिवशी पक्का झाला आणि मी तो तीस-पस्तीस वर्षं सांभाळला, आईने मांजरीपासून दूध सांभाळलं तसा.

म्हातारा ड्रायव्हर त्यानंतर दोन वर्षांनी गेला. जमीनदाराने नुसत्या शब्दावर त्याला एक झोपडी आणि धानाच्या शेताची एक बांधी दिली होती, कागद कसलाच नव्हता, दिवाणाचं मन फिरलं असतं तर एका दिवसात बाहेर झाला असता. तो त्याच झोपडीत मेला. तुम्ही पंपावरची रजा काढून चामोर्शीहून पुढे चालत मातीला गेलात, आणि मी आईला म्हणाले होते की बघ, भागीदार गेला.

आता मंगळवारचं सांगते. विद्यार्थ्याने खुर्ची मांडली होती, चहा मागवला होता, मुलीच्या प्रवेशाचं अक्षरही काढलं नाही, तेव्हा मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. इंजिन सुटं करून पडलं होतं. इतकी वर्षं ते अर्ध्यावरच चाललं. क्रँकच्या ज्या जागी डाव्या बाजूच्या दांड्या असायच्या, तिथली तेलाची भोकं कातड्याच्या पट्ट्या आवळून बंद केलेली होती. तुम्ही असं भोक नेहमी तांब्याच्या पत्र्याने बंद करायचात, चामड्यावर तुमचा भरवसा नव्हता. ते सांबराचं कातडं होतं, तेलाने काळं आणि लाकडासारखं कडक झालेलं, आणि त्याच्या कडा वहाणांना घालतात तशा टाक्याने शिवलेल्या होत्या, आठही ठिकाणी. लढाईत पेट्रोल मिळत नव्हतं, सुटे भाग मिळत नव्हते, आणि मालकाला तर गाडी दारात चालू दिसायला हवी होती. म्हाताऱ्याने एक बाजू रिकामी केली आणि कुणाला सांगितलं नाही. जमीनदार मग आठावरच रुपया उभा करत राहिला आणि पाहुणे सोळाला माना डोलवत राहिले. गाडीखाली झोपून तुम्ही जे पाहिलंत ते हे, नाही का? तुम्ही एक शब्द बोलला असतात तर ठेकेदार दिवाणाकडे गेला असता आणि दिवाण झोपडीकडे.

मग मी पिशवीतून पिस्टन काढला आणि डाव्या बाजूच्या एका भोकावर ठेवला. तो आत गेला नाही. दुधाच्या पातेल्यावर बसायचा तसा वरच बसून राहिला. पट्टी लावली. भोक तीन इंच, मी स्वतः तुम्हाला दोनदा वाचून दाखवलं तेवढंच. पिस्टन पावणेचार. कुठल्या तरी लष्करी ट्रकचा असेल, त्या वेळी असे पिस्टन गॅरेजामागे ढिगाने पडलेले असायचे. विद्यार्थी म्हणाला, बाई, हा ह्याचा नाहीच. मी म्हटलं, हो रे, दिसलं मला. चहा तसाच राहिला.

तुमचीच मुलगी, म्हणून संशय अजून सगळे गेलेले नाहीत. म्हाताऱ्याने त्या आठांचं काय केलं, विकले की तळ्यात टाकले, हे मला कधी कळणार नाही. ठेकेदारालाही तुम्ही अर्धंच खरं सांगितलं होतंत, त्याचा राग अगदीच खोटा नव्हता, हेही मी मनातून काढू शकत नाही. आणि सगळ्यांत जास्त छळतो तो तुमचा त्या रविवारचा हात, पिस्टनवर ठेवलेला. मुनीमासमोर तुम्ही पट्टी मागितली नाहीत कारण हा पिस्टन खोटा ठरला असता तर चौकशी म्हाताऱ्यापर्यंत गेली असती, एवढं मला समजतं. पण माझ्यासमोर, घरात, चुलीजवळ, तुम्ही मला मोज असं सांगत होतात का? तुम्हाला ठाऊक होतं का, बाबा? ठाऊक असूनही दर रविवारी मासिक माझ्याच पुढे सरकवत होतात का?

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घडी करून त्याच पातेल्याखाली ठेवणार आहे. शेजारणीने काही सांगितलं नव्हतं. मुनीम आदल्या दिवशी दुपारी शाळेत आला होता, त्याने विचारलं की बाई, घरी त्या इंजिनाचं काही सामान हाये का, आणि मी सांगितलं, दुधाच्या झाकणावर आहे. तेव्हा मी वर्गात फळ्यावर वर्तुळाचा व्यास शिकवून बाहेर आले होते आणि तुमची पट्टी माझ्या हातात होती.